मे महिन्यात मामीच्या दुकानात: बाटल्या, आमसुलं आणि आभाळावर लक्ष

प्रश्न असा आला आहे: "बारावीची परीक्षा झाली. मे महिन्यात पंधरा दिवस सिंधुदुर्गात मामीकडे जाणार आहे. गावात तिचं पर्यावरणस्नेही वस्तूंचं छोटं दुकान आहे आणि मला तिला मदत करायची आहे. दिवसभर नेमकं काय काम असतं? मला यातलं काहीच येत नाही, तर मी उपयोगी पडेन का?"

तू माझ्या मुलीहून लहान आहेस, म्हणून अगं-तुगंच करते. कुडाळ-मालवण रस्त्यावरच्या एका गावात असंच दुकान मी १६ वर्षं सांभाळतेय. तुझ्या मामीचं दुकान मी पाहिलेलं नाही, पण मे महिना आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आम्हा दोघींना सारखेच, तेव्हा दिवस फार वेगळा नसणार.

एक गोष्ट आधी मनात पक्की करून ये. अशा दुकानात गिऱ्हाइकाला पर्यावरणाबद्दल पटवून देणं हेच मोठं काम असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं मोठं काम आहे माल सांभाळणं. शहरातल्या दुकानात बिस्किटाचा पुडा चार महिने फळीवर पडून राहिला तरी त्याच्याकडे कोणाला बघावं लागत नाही, कारण दमट हवा बाहेर ठेवायचं काम प्लॅस्टिक गुपचूप करत असतं. आपण प्लॅस्टिक नाकारलं म्हणून ते काम संपत नाही. ते आपल्या हातांवर येतं. पुसायचं, वाळवायचं, हलवायचं, वास घेऊन बघायचं, झाकायचं, परत उघडायचं. कोकणात मे महिन्यात हवेला इतकी ओल असते की बरणीतलं मीठही पाझरतं. तुझे पंधरा दिवस बहुतेक यातच जातील. शिकायला ते अवघड नाही, पण एकही दिवस चुकवून चालत नाही.

सकाळी साडेसहाच्या सुमाराला दार उघडायचं. हिराच्या खराट्याने खळं, म्हणजे पुढचं अंगण, झाडून घ्यायचं, पण दुकानाच्या आत खराटा फिरवायचा नाही. आत ओलं फडकं. धूळ उडाली की उघड्या टोपल्यांतल्या तांदळावर बसते. मग फळ्यांवरून एक फेरी, हातात काही न घेता, फक्त नाकाने. मी मुलींना हेच आधी शिकवते. तांदळाच्या पिंपाचं झाकण काढून वास घे. लाल तांदूळ न सडलेला असतो, म्हणजे वरचा कोंडा तसाच असतो, आणि कोंड्यात तेल असतं. उन्हाळ्यात ते तेल लवकर खवट होतं, म्हणून मे महिन्यात आम्ही पंधरा दिवसांत संपेल एवढाच लाल तांदूळ भरतो. नाचणीचं तसं नाही. ती वर्षभर राहते, पण दळली की तिचेही दिवस मोजायचे. किडीसाठी पिंपात निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, वाळलेला पाला घालतो. पाला पूर्ण वाळलेला हवा, ओला घातला तर तोच बुरशी आणतो. आणि धान्याला ऊन दाखवलं असेल तर ते गार झाल्याशिवाय पिंपात भरायचं नाही. गरम धान्य बंद पिंपात घाम सोडतं आणि आठ दिवसांत सोंडे दिसायला लागतात. हे मी दोन पिंपं तांदूळ कोंबड्यांना घालून शिकले आहे.

गूळ पाझरायला लागलेला असतो, त्याच्या टोपाखालची थाळी बदल. मुंग्यांसाठी मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असतील, त्या भर. हाताने केलेले साबणही या दिवसांत अंगावर पाण्याचे थेंब धरतात. त्यांच्यातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, साबण बिघडलेला नसतो. कोरड्या सुती फडक्यावर एकमेकांना न चिकटवता मांडून ठेव.

साडेसातला बायका यायला लागतात, आणि दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा तास सुरू होतो. आमच्याकडे दोन बचत गटांच्या बायका आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, मुठेल (कोकमाच्या बियांचं तूप) असं घेऊन येतात. तुझ्या मामीकडेही असेच कोणी येत असतील. आमसुलांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मे महिन्यात आमच्याकडे गल्ल्यात पडणाऱ्या पैशांतला मोठा वाटा त्यांचाच असतो आणि चुका व्हायची जागाही तीच.

पिकलेला रातांबा चिरून बी आणि गर वेगळा करतात. साली उन्हात टाकतात, गराच्या रसात मीठ घालतात. वाळत आलेल्या साली त्या रसात बुडवून परत वाळवायच्या, याला पुट देणं म्हणतात. एकदा पुट देऊन भागत नाही. चार-पाच वेळा दिला की साल जाड, मऊ आणि जवळजवळ काळी होते. घाईने एक-दोन पुटांत उरकलेलं आमसूल पातळ, तपकिरी आणि कागदासारखं लागतं. तू एक आमसूल हातात घेऊन दुमड. कडकन मोडलं तर पुट कमी पडले आहेत किंवा माल जुना आहे. दुमडल्यावर बोटाला रस लागला तर अजून ओलं आहे, त्याला बरणीत बुरशी येणार. दुमडून नीट बसलं आणि बोट फक्त चिकट झालं, तर घ्यायचं. वर पांढरे कण दिसले तर घाबरू नकोस, ते मीठ. पण पांढरं काही लवीसारखं, केसाळ दिसलं तर ती बुरशी, आणि ती टोपली तशीच बाजूला काढायची.

इथे तुझी खरी परीक्षा आहे. माल ओला आहे असं समोरच्या काकीला सांगणं जड जातं. ती चार किलोमीटर चालून आलेली असते, तिने हात लाल होईपर्यंत रातांबे फोडलेले असतात. तरीही सांगायचं, आणि चारचौघांत नाही, जरा बाजूला घेऊन. बहुतेक वेळा तिलाच माहीत असतं. "गे बाय, आजून एक ऊन होया," असं ती आधीच म्हणते. आम्ही अशा वेळी माल परत पाठवत नाही. वजन करून वहीत वेगळा लिहून ठेवतो, आमच्याच खळ्यात वाळवतो, आणि वाळल्यावर जे वजन भरेल त्याचे पैसे देतो. आगाऊ थोडे त्याच दिवशी हातात देतो. दर हंगामाच्या सुरुवातीला ठरलेला असतो, गिऱ्हाइकांची गर्दी बघून तो पाडायचा नाही. वहीत तारीख, नाव, वजन, दर, दिलेले पैसे, हे तिच्यासमोर लिही आणि तिला वाचून दाखव. तुझं अक्षर चांगलं असेल तर मामीसाठी हीच पहिली मोठी मदत.

काट्याबद्दल थोडं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी होते, त्याचा शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायचा. लोक घरून डबे घेऊन आले की आधी रिकामा डबा काट्यावर, मग शून्य, मग माल. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या डब्यांच्या बुडाला आम्ही रिकाम्या डब्याचं वजन रंगाने लिहून टाकलं आहे. तेलाचं मात्र लक्षात ठेव: लिटर आणि किलो एक नाही. एक लिटर खोबरेल तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. कोणी घरी जाऊन बाटली काट्यावर ठेवते आणि आपण फसवलं असं समजते. मापाने दिलंय की वजनाने, ते बिलावर लिहून द्यायचं, मग भांडण होत नाही.

आता बाटल्या. अनामत घेऊन काचेच्या बाटल्या परत घेण्याची पद्धत मामीकडे असेल, तर सकाळचे दोन तास त्यातच जातील, आणि नवख्या माणसाला मी हेच काम सगळ्यात आधी देते. आगळाच्या आणि तेलाच्या बाटल्या एकत्र करायच्या नाहीत. आगळाची बाटली आधी नुसत्या थंड पाण्याने विसळायची, मीठ आणि आंबटपणा निघून जातो. तेलाच्या बाटलीला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग ब्रश. नंतर दोन्ही प्रकार उकळत्या पाण्यातून काढायचे. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून मगच, नाहीतर तडकते. मग फळीला भोकं पाडलेल्या घडवंचीवर उलट्या. आणि दिवसभर वाळू द्यायच्या. बाहेरून कोरडी दिसली तरी खांद्याच्या आत थेंब बसलेला असतो, म्हणून उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय भरायची नाही.

चौथ्या-पाचव्या वर्षी घाईत मी अमृत कोकम ओलसर बाटल्यांत भरलं. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावतात, आठवडाभर उन्हात ठेवतात, तेव्हा जो पाक सुटतो ते अमृत कोकम. साखर भरपूर असली तरच तो टिकतो. बुडाशी पाण्याचे थेंब असतील तर तेवढा भाग पातळ होतो आणि आंबायला लागतो. बारा दिवसांनी मुंबईहून फोन आला की झाकण उडालं. मग दुसरा, तिसरा. चाळीस बाटल्यांतल्या बऱ्याचशा फसफसल्या होत्या. सगळ्यांचे पैसे परत केले, पण ज्या काकींनी ते अमृत कोकम केलं होतं, त्यांच्या हाताला उगाच दोष लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचं काम चोख होतं. चूक बाटली धुणाऱ्या हाताची, म्हणजे माझी.

झाकणं वेगळी तपास. बाटली वर्षानुवर्षं चालते, आधी झाकण जातं. आगळ पत्र्याला खातं, आतला लेप खरवडलेला असेल तर महिन्याभरात गंज दिसतो. अशी झाकणं वाचवायला बघू नकोस.

दहानंतर गिऱ्हाईक. मे महिन्यात गावं भरलेली असतात. मुंबईचे चाकरमानी, त्यांची मुलं, मालवणला निघालेले पर्यटक. चाकरमान्यांना काय हवं ते माहीत असतं: आमसुलं, कुळीथ पीठ, उकडे तांदूळ, फणसपोळी. त्यांच्याशी बोलायला फार लागत नाही, गावातल्या कोणाच्या ते नात्यात आहेत एवढं विचारलं की पुरे. पर्यटक मात्र प्रश्न विचारतात, आणि उत्तरं देताना सांभाळायचं असतं.

पहिला प्रश्न, "केमिकल नाही ना?" हो किंवा नाही म्हणू नकोस, आत काय आहे ते सांग. "कोकमाची साल, कोकमाचा रस, मीठ. बास." दुसरा, "ऑर्गॅनिक आहे का?" हा शब्द आम्ही फळीवर सरसकट लावत नाही, ज्या मालाला प्रमाणपत्र आहे तेवढ्यावरच लावतो. शेतकऱ्यांच्या गटांसाठी पीजीएस-इंडिया नावाची पद्धत आहे, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. असा कागद मामीकडे असेल तर दाखव. नसेल तर सरळ म्हण, "रातांबे परसातल्या झाडांचे आहेत, झाडांवर फवारणी होत नाही, पण प्रमाणपत्र नाही." असं ऐकून कोणी निघून गेलं तर जाऊ दे. खरं ऐकलेली माणसं पुढच्या वर्षी परत येतात, हा माझा १६ वर्षांचा अनुभव आहे.

माठाबद्दल तर रोज विचारतील. पुण्याकडचं गिऱ्हाईक म्हणतं, "गेल्या वर्षी नेला, पण पाणी गार होत नाही." यात कुंभाराची चूक नसते. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं, आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर हे जोरात होतं, म्हणून देशावर माठ चांगला गार करतो. आमच्या खाऱ्या दमट हवेत तोच माठ कमी गार करतो. हे आधीच सांगून टाकायचं. पुण्याच्या माणसाने तक्रार केली तर विचार, माठ साबणाने घासता का? साबणाने आणि क्षारांनी छिद्रं बुजतात. नुसत्या काथ्याने आणि पाण्याने घासायचा, वाऱ्याच्या जागी, ओल्या वाळूवर ठेवायचा. विकताना बोटाच्या पेराने वाजवून दाखव, खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, तो बाजूला काढ. आणि "पहिला दिवसभर पाण्याने भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला" एवढं सांगितल्याशिवाय माठ देऊ नकोस.

पिशव्यांवरून रोज कोणीतरी हटकतंच. "एक साधी पिशवी द्या ना." राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर कप, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या. पण गिऱ्हाइकाला नियम ऐकवत बसू नकोस. जुन्या साड्यांच्या पिशव्या असतील, त्या अनामत घेऊन दे. आणि एक गोष्ट तू स्वतः नीट समजून घे, कारण चांगल्या चांगल्या माणसांचा इथे गैरसमज होतो. बाजारात मऊ, कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात, त्यांवर बारीक ठिपक्यांची नक्षी असते. ते कापड नाही. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो आणि मातीत मिसळतो. कोणी पुरवठादार "कापडी" म्हणून असा गठ्ठा घेऊन आला तर मामीला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. तसंच खाण्याची वस्तू वर्तमानपत्रात बांधायची नाही, शाई उतरते. कोरा खाकी कागद किंवा केळीचं पान.

दुपारी दीड ते चार आम्ही दार ओढून घेतो. पेज, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि जमिनीवर चटई. वीज असेल तर पंखा. थोडं पडून घे, उन्हात उगाच फिरू नकोस. पण एक कान आणि एक डोळा बाहेर हवाच, कारण खळ्यात आमसुलं आहेत.

मे महिना अर्धा सरला की दुपारनंतर आभाळाची खात्री नसते. पश्चिमेचा वारा एकदम पडतो, उकाडा असह्य होतो, पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूने काळं भरून येतं. कावळे खाली उतरतात, कुठेतरी झावळी खळखळते. वीज कडाडायची वाट बघायची नाही. वारा पडला की उठायचं. चटईची चारही टोकं धरून आमसुलं तशीच्या तशी आत. मग बियांच्या टोपल्या. बिया फेकायच्या नसतात, त्या वाळवून, फोडून, वाटून, पाण्यात उकळून त्यांचं तूप वर काढतात आणि मुठीत वळतात, तेच मुठेल. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या बायका टाचांच्या भेगांना तेच लावतात. शेवटी साबण आणि सुपं-रोवळ्या. बांबूचा माल भिजला तरी पुन्हा वाळतो, आमसूल मात्र एकदा पावसाने भिजलं की मीठ धुऊन जातं आणि मग ते टिकत नाही. म्हणून आधी आमसुलं, हा क्रम डोळे मिटूनही आठवला पाहिजे.

२०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही पावसाचेच गेले. झाडांवर रातांबे पिकून गळत होते आणि वाळवायला ऊन नव्हतं. आमच्या गटातल्या बायकांनी चुलीवरच्या फळीवर, धगीला, जेवढी वाळली तेवढी वाळवली. त्यांना धुराचा वास होता. आम्ही ती वेगळ्या बरणीत ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, "पाऊस लवकर आला, म्हणून चुलीच्या धगीवर वाळवलेली." दर थोडा कमी ठेवला. माशाच्या कालवणाला लोकांनी मागून मागून नेली. उरलेल्या रातांब्यांचं आगळ केलं, त्याला ऊन लागत नाही, मीठ आणि वेळ लागतो. पण आमसुलांचं त्या वर्षीचं नुकसान भरून आलं नाही, आणि पाऊस असाच लवकर येत राहिला तर बायकांना सौरवाळवणी यंत्राशिवाय पर्याय राहणार नाही, असं मला वाटतं. मामीशी यावर बोल. तुझ्या वयाची मुलं अशा यंत्राची माहिती आमच्यापेक्षा लवकर काढतात.

संध्याकाळी परत दोन तास गर्दी. मग हिशेब: रोख, फोनवरून आलेले पैसे, परत आलेल्या बाटल्या, बाहेर गेलेल्या बाटल्या. हे चार आकडे रोज त्याच रात्री लिही. जास्त पिकलेले आंबे उरले असतील तर मामी त्यांचा रस आटवून ताटात साठं घालेल, तिथे चाळण फिरवायला बस.

तू उपयोगी पडशील का, असं विचारलंस. पहिले तीन दिवस मामीला तुझ्यामुळे थोडं जास्तच काम पडेल, ते मनाला लावून घेऊ नकोस. चौथ्या दिवशी बाटल्यांची घडवंची पूर्णपणे तुझ्याकडे घे आणि तिला सांग की तिकडे बघायचं नाही. आठवड्यात आमसूल बोटाला कळायला लागेल. आणखी एक काम तू करू शकतेस, जे आम्हा कोणाला वेळेअभावी जमलं नाही: गटातल्या प्रत्येक काकीकडे एक सकाळ जाऊन ती पुट कसा देते, मीठ किती घालते, कोणत्या झाडाचे रातांबे घेते, ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेव. प्रत्येकीचा हात वेगळा आहे.

सुती कपडे, टोपी, एक जाड वही आणण्याबद्दल सांगायला नकोच. येताना घरातल्या आणि शेजारच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या मात्र घेऊन ये, चांगल्या झाकणांसकट. मे महिन्यात त्या कधीच पुरत नाहीत.